कप ओठांजवळ येताना

प्रश्न असा आहे: ज्या वृद्ध माणसाच्या हाताला कंप आहे, त्याचा हात मांडीवर निवांत पडलेला असताना थरथरतो, की चहाचा कप उचलून ओठांपाशी नेताना?

प्रश्न क्षुल्लक वाटेल, याची मला कल्पना आहे. पण एका चित्रपटगृहात माझ्या मागच्या रांगेत बसलेल्या गृहस्थांनी त्याचे उत्तर फार ठामपणे दिले, आणि तेव्हापासून तो मला स्वस्थ बसू देत नाही. पडद्यावरच्या आजोबांनी चहा संपवून हात मांडीवर ठेवला, तेव्हा हे गृहस्थ आपल्या पत्नीला म्हणाले, "चुकलं बघ यांचं. आत्ता म्हाताऱ्याचा हात लटलट कापत होता आणि आता बघ, एकदम थंड. विसरला तो."

"तुम्ही पिक्चर बघा ना," पत्नी म्हणाली.

"बघतोय म्हणूनच दिसलं."

वर्गात असते तर मी त्यांना फळ्यापाशी बोलावले असते. चित्रपटगृहात तशी सोय नसते. म्हणून हे उत्तर लिहून काढते आहे. त्यासाठी तो चित्रपट कसा तयार झाला, ते थोडे सांगावे लागेल.

चित्रपट साधा, कौटुंबिक आहे. सटाण्याकडचे एक आजोबा पत्नीच्या निधनानंतर नाशकात मुलाकडे राहायला येतात. घर लहान असल्यामुळे त्यांची गादी नातीच्या खोलीत पडते. नातीला ते आवडत नाही. आजोबांच्या हातून चहा सांडतो आणि तिने रंगवलेला नकाशा खराब होतो. मग रुसवा, मग अबोला, आणि हळूहळू त्या दोघांची मैत्री. कथा एवढीच. त्यातल्या नातीचे काम माझ्या नातीने केले आहे. ती चौथीत शिकते आणि आम्ही सगळे नाशकात इंदिरानगरमध्ये एकत्र राहतो.

दिग्दर्शक माझा जुना विद्यार्थी. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असे. प्रश्न विचारायचा आणि उत्तर पूर्ण होण्याआधी दुसरा प्रश्न विचारायचा, अशी त्याची वर्गातली ख्याती होती. एके दिवशी तो घरी आला. चित्रपटात आजोबांच्या कोपऱ्यात ठेवायला एखादी जुनी आरामखुर्ची मिळेल का, हे विचारायला तो आला होता. आमच्याकडे तशी खुर्ची नव्हती. पण नातीने पाणी आणले. त्याच्यापुढे भरलेला पेला ठेवला आणि माझ्यापुढे अर्धा.

"हे काय?" मी म्हणाले. "पाणी देताना पेला भरून द्यावा. किती वेळा सांगायचं?"

"तुला नंतर आणखी देते ना."

"नंतर कशाला? एका खेपेत होणाऱ्या कामाला दोन खेपा कशाला?"

"मला चालायला आवडतं," ती म्हणाली.

दिग्दर्शक हसला. "बाई, तुमच्यासमोर आम्ही कोणी असं बोललो नव्हतो. मला हीच मुलगी पाहिजे."

खुर्ची न्यायला आलेला माणूस मुलगी घेऊन गेला. मुलगा आणि सून दोघेही खूश झाले. चित्रीकरण सुट्टीत असल्यामुळे शाळा बुडणार नव्हती, आणि सोबत रोज मी जाणार होते.

आता माझ्या हाताविषयी सांगते. त्या दिवसांत माझ्या उजव्या हाताला कंप सुटू लागला होता. सुरुवात स्वयंपाकघरात झाली. फोडणीच्या पळीत टाकलेल्या मोहरीतली थोडी ओट्यावर पडू लागली. मग सुईत दोरा ओवता येईना. मग कपातला चहा बशीत उतरू लागला. मी चहाची वेळच बदलली. सगळे चहाला बसले, की "तुम्ही घ्या, मी नंतर घेते," असे म्हणायचे आणि ओट्यापाशी उभे राहून एकटीने प्यायचा. कंपाला सोयीची एक पद्धतही मी शोधून काढली होती. डावा तळहात उजव्या मनगटाखाली हळूच ठेवायचा आणि कप वर नेण्याऐवजी मानच खाली आणायची. ही पद्धत कोणाच्या लक्षात आलेली नाही, अशी माझी समजूत होती.

लपवण्याचे कारण स्पष्ट होते. मुलगा अंबडला कारखान्यात, सून कार्यालयात. शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत नात माझ्याकडे असते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींना घरातले काम झेपेनासे झाले, तेव्हा त्यांच्या नातवाला शाळेनंतर पाळणाघरात ठेवू लागले. आमच्याकडे जेवताना तो विषय निघाला. मुलगा वांग्याची भाजी वाढून घेत सहज म्हणाला, "उद्या आपल्याकडे अशी वेळ आली, तर आपल्यालाही पाळणाघरच बघावं लागेल." बोलण्यात वाईट हेतू नव्हता. वाक्य व्यवहाराचे होते. पण त्याचा अर्थ मला पुरेसा कळला. माझा हात उघड झाला, तर माझ्या दुपारी रिकाम्या होणार होत्या. निवृत्त शिक्षिकेला रिकामी दुपार म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

चित्रीकरण गंगापूर रोडकडच्या एका भाड्याच्या बंगल्यात होते. ध्वनिमुद्रणात आवाज येतो म्हणून पंखे बंद ठेवत. सगळे घामाघूम. आजोबांची भूमिका करणारे गृहस्थ रंगभूमीवरचे जुने नट होते. स्वतःचा पंचा आणि स्वतःची पाण्याची बाटली घेऊन येत. सेटवरच्या चहावाल्या मुलालाही ते 'अहो' म्हणत. भूमिकेत शिरले, की त्यांचा उजवा हात कापू लागे. वर्तमानपत्र धरताना कापे, काठीवर कापे, मांडीवर ठेवला तरी कापे. "थांबा" असे दिग्दर्शक म्हणाला, की तोच हात बिस्कीट चहात बुडवून एक थेंब न सांडता तोंडात टाकी. सगळे वाखाणत. मीही वाखाणले. त्यात काही चूक आहे, असे मला जाणवले नाही. स्वतःच्या हाताकडे मी तोपर्यंत लपवण्याची गोष्ट म्हणून पाहत होते. निरीक्षणाची वस्तू म्हणून त्याच्याकडे पाहिलेच नव्हते.

नकाशावर चहा सांडण्याचा प्रसंग चालू होता. नट खुर्चीत बसले होते, हात मांडीवर, आणि हात थरथरत होता. नात त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. मग ती म्हणाली, "आजोबा, तुमचा हात चुकतोय."

दिग्दर्शकाची सहायक मुलगी पुढे आली. "ए, गप. ते तू जन्मायच्या आधीपासून कामं करताहेत."

"पण चुकतोय."

"थांबा हो, बोलू द्या तिला," नट म्हणाले. "पोरी, काय चुकतोय?"

"मांडीवर ठेवल्यावर हलायला नको. उचलल्यावर हलायला पाहिजे."

"असं? मग करून दाखव."

ते उठले आणि तिला खुर्चीत बसवले. तिने कप मागितला. सहायक मुलीने रिकामा कप दिला, तो तिने परत केला. "भरलेला द्या. रिकाम्याने नीट येत नाही."

भरलेला कप आला. तिने हात मांडीवर ठेवला, अगदी स्वस्थ. मग कप उचलला. छातीपर्यंत येताना हाताला बारीक कंप आला. हनुवटीजवळ तो वाढला. ओठांपासून बोटभर अंतरावर तर चहाच्या पृष्ठभागावर लाटाच उठू लागल्या. मग तिचा डावा तळहात हळूच उजव्या मनगटाखाली गेला. कप तिथेच थांबला आणि मान खाली आली.

तो डावा तळहात माझा होता. ती मानही माझी होती.

मग दिग्दर्शकाने विचारले, "हे तू कुठं बघितलंस?"

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "जॉगिंग ट्रॅकवर एक आजोबा येतात."

"ट्रॅकवर चहा पितात?" सहायक मुलगी.

"थर्मास आणतात."

ट्रॅकवर आम्ही दोघी रोज जातो. थर्मास आणणारे आजोबा मी पाहिलेले नाहीत. ती माझ्याकडे पाहत नव्हती, आणि फार प्रयत्नपूर्वक पाहत नव्हती. तेवढ्यावरून मला सगळे कळले.

नटांनी कप घेतला आणि तिने दाखवले तसे करून पाहिले. चहा धोतरावर सांडला. "अवघड आहे," ते म्हणाले. "सारखा कापवायला काही अक्कल लागत नाही. थांबवायला लागते." पंच्याने धोतर टिपत त्यांनी विचारले, "तुझ्या त्या थर्मासवाल्या आजोबांचा चहा असा सांडत नाही का?"

"नाही. त्यांना अर्धाच कप द्यायचा."

"आणि उरलेला?"

"तो नंतर द्यायचा. दोनदा द्यायचा."

दिग्दर्शकाने हातातले कागद मिटले. पुढे ज्या प्रसंगात नात आजोबांची माफी मागते, तिथे त्याने तिच्यासाठी लांबलचक संवाद लिहिला होता. तो त्याने काढून टाकला. "ती काही बोलणारच नाही," तो म्हणाला. "अर्धा कप आणून ठेवेल आणि जाईल. मग पुन्हा येईल, दुसरा अर्धा घेऊन."

मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. माझा उजवा हात मांडीवर होता. मी त्याच्याकडे पाहिले. तो अगदी स्थिर होता. मग समोरची पाण्याची बाटली उचलून पाहिली आणि पुन्हा खाली ठेवली. चौथीतल्या मुलीने सांगितलेली गोष्ट पडताळून पाहायला मला एवढा वेळ लागला.

परतताना रिक्षात मी तिला विचारले, "तुला कधी कळलं?"

"मोहरी बाहेर पडायला लागली तेव्हा."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"तू सांगत नव्हतीस."

"म्हणून पाणी अर्धं द्यायचीस?"

"आणि तू रागवायचीस."

"कारण सांगितलं असतंस तर नसते रागावले."

"कारण सांगितलं असतं, तर तू काहीतरी बोलली असतीस आणि बाबांना कळलं असतं. तुझा आवाज मोठा आहे, आजी. शेवटच्या बाकापर्यंत जातो."

रिक्षावाल्याने आरशातून पाहिले आणि लगेच नजर रस्त्यावर नेली.

"बाबांना कळलं तर काय होईल?" मी आवाज खाली आणून विचारले.

"पाळणाघर. तिथं दुपारी झोपवतात. मला झोप येत नाही, तरी झोपवतात."

म्हणजे लपवणाऱ्या आम्ही दोघी होतो, आणि कारणही एकच होते. फरक एवढाच, की मी तिच्यापासून लपवत होते आणि ती माझ्यासाठी. आळशीपणा म्हणून ज्याला मी टोकत होते, ती तिने शोधलेली उपाययोजना होती, आणि त्यासाठी ती बोलणी खात होती. उरलेल्या रस्त्यात माझा निर्णय झाला. दप्तराचे ओझे पुरे असते. आजीच्या हाताचे गुपितही मुलीने वाहावे, हे बरोबर नव्हते. शिवाय गॅसवर तापलेले तेल कोणाचे गुपित ठेवत नाही.

त्या संध्याकाळी सगळे चहाला बसले, तेव्हा मीही बसले. "मला सगळ्यांसारखाच भरून दे," असे सुनेला सांगितले. ती जरा चकित झाली. मी डावा हात मांडीखाली ठेवला आणि उजव्या हाताने कप उचलला. छातीपर्यंत ठीक होते. ओठांजवळ येताच व्हायचे ते झाले. बशी भरली, थोडा चहा टेबलावर गेला.

मुलाने पटकन कप धरला. "आई, हे कधीपासून?"

"मोहरीपासून," नात म्हणाली.

"म्हणून तुम्ही चहा नंतर घेता होय," सून म्हणाली. "मला वाटलं, मी केलेला तुम्हाला आवडत नाही."

"डॉक्टरांना दाखवायचं नाही का?" मुलाचा आवाज चढला. "सांगायचं तरी."

"तू पाळणाघर म्हणाला होतास."

"मी? मी कधी म्हणालो?"

"म्हणाला होतात," सून टेबल पुसत म्हणाली. "वांग्याची भाजी वाढून घेताना."

"मला नाही जायचं पाळणाघरात," नात म्हणाली.

"तुला कोणी विचारलंय का?"

"शूटिंगला सगळ्यांनी विचारलं."

मुलाने धरलेला कप खाली ठेवला. त्याचा हिशेबी स्वभाव माझ्याकडूनच आला आहे. प्रश्न सुटा करून पाहिल्याशिवाय तो उत्तर देत नाही. शेवटी त्याने मला विचारले, "तुला नेमकं काय जमत नाही, ते सांग. सगळं सांग. लपवू नकोस."

मी सांगितले: गरम तेल, जड पातेले, वरच्या फळीवरच्या बरण्या. काय जमते, तेही सांगितले: तिला शाळेतून आणणे, तिचा अभ्यास घेणे, तिला खाऊ घालणे, तिच्याशी वाद घालणे. सुनेने लगेच तोडगा काढला. फोडणी सकाळी ती घरात असतानाच होईल. दुपारी गॅस फक्त दूध कोमट करण्यापुरता, तोही लहान भांड्यात. बरण्या खाली येतील. दिवाळीपर्यंत असे चालवून पाहू, असे मुलगा म्हणाला. दिवाळी झाली, फराळ संपला, आणि तो विषय पुन्हा कोणी काढला नाही.

डॉक्टरांकडेही गेलो. त्यांनी मला हात पुढे धरायला लावला, बोट नाकाला टेकवायला लावले, कागदावर गोल गोल वळसे काढायला लावले. माझा कंप हालचालीबरोबर जागा होणाऱ्या प्रकारचा आहे, असे त्यांनी सांगितले. हात विसावला, की तोही विसावतो. नेमक्या जागी पोहोचायचे असले, की वाढतो, म्हणून कप ओठांपाशी येताना सर्वांत जास्त. "घरात हे कोणाच्या लक्षात आलं?" त्यांनी विचारले. मी नातीकडे बोट दाखवले. बोटही थरथरले, आणि ती म्हणाली, "बघा."

आता पुन्हा चित्रपटगृहाकडे येते. चित्रपट पूर्ण झाल्यावर तो नाशकात दाखवला, तेव्हा आम्ही सगळे गेलो. मागच्या गृहस्थांचे ते वाक्य मध्यंतराच्या थोडे आधी आले. नातीने ते ऐकले आणि मागे वळायला निघाली. मी तिचा दंड धरला.

"आजी, ते चुकीचं बोलताहेत."

"बोलू दे. थिएटर आहे."

मध्यंतरात मुलगा चहा आणायला गेला. परत आला, तो माझ्यासाठी अर्धा कप घेऊन. मी तो घेतला, डावा तळहात मनगटाखाली ठेवला, मान खाली केली आणि प्यायले. मग हात मांडीवर ठेवला. तोपर्यंत मुलगा पुन्हा चहाच्या रांगेत जाऊन उभा राहिला होता, दुसऱ्या अर्ध्या कपासाठी. त्याला हे कोणी सांगितले नव्हते.

मी सहज वळून पाहिले. ते गृहस्थ माझ्या मांडीवरच्या हाताकडे पाहत होते. मुलगा दुसरा अर्धा कप घेऊन आला, तेव्हा त्यांची नजर हाताबरोबर वर गेली, ओठांपर्यंत, आणि पुन्हा हाताबरोबर खाली आली. पत्नीने त्यांना कोपराने ढोसले.

"आता बोला," ती म्हणाली.

मध्यंतरानंतर पडद्यावर नात अर्धा कप घेऊन आली, तो ठेवून गेली आणि पुन्हा आली, तेव्हाही मागून शब्द आला नाही. माझी नात मात्र माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दुसऱ्या खेपेला मी जरा जास्त भरला होता. कोणाच्या लक्षात नाही आलं."

तर माझे उत्तर असे: माझा हात मांडीवर स्थिर असतो आणि कप ओठांजवळ येताना सर्वांत जास्त थरथरतो. पडद्यावर दाखवले ते बरोबर आहे. मात्र या उत्तराची मर्यादाही सांगायला हवी. हे एका हाताचे निरीक्षण आहे. याच्या उलट वागणारा कंपही असतो, असे डॉक्टरांनी सांगितले: हात विसावलेला असताना थरथरतो आणि काही उचलायला गेला की शांत होतो. त्या गृहस्थांनी कदाचित तसा हात जवळून पाहिला असेल. मी त्यांना विचारायला हवे होते. ते राहून गेले.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. माझ्या शब्दावर विसंबू नका. घरात किंवा शेजारी ज्यांच्या हाताला कंप आहे, त्यांच्या समोर न बसता शेजारी बसा. आपल्याकडे कोणी पाहते आहे हे कळले, की हात अधिक थरथरतो. चहा अर्धा कप द्या. हात मांडीवर असताना पाहा, वाटेत पाहा, ओठांजवळ पाहा. तुम्हाला वेगळे दिसले, तर तुम्ही पाहिलेले खरे माना. उरलेला अर्धा कप द्यायला मात्र विसरू नका.